मत, भाकर आणि चाळीस एकर : फॅनी लू हॅमर यांची जीवनकथा



आपल्या या पानावर आपण बहुधा संतांची चरित्रे वाचतो. आज ज्या बाईंची ओळख करून देत आहे, त्या वेदीवर चढवलेल्या संत नव्हेत. त्या कॅथलिकही नव्हत्या. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या एका खेड्यात, बॅप्टिस्ट पंथाच्या छोट्याशा चर्चमध्ये त्या प्रार्थना करीत आणि आपल्या भरदार आवाजात भक्तिगीते गात. आयुष्याची पहिली चव्वेचाळीस वर्षे त्यांनी कापूस वेचला आणि पुढची पंधरा वर्षे आपल्या लोकांसाठी मत, भाकर व जमीन मागितली. फॅनी लू हॅमर असे त्यांचे नाव.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याचा विषय निघाला की आपल्याला डॉ. मार्टिन ल्यूथर किंग आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण तो लढा केवळ शहरांतल्या बसमध्ये आणि हॉटेलांत लढला गेला नाही. तो शेताच्या बांधावरही लढला गेला. तिथे प्रश्न एवढाच नव्हता की कुणी कुठे बसावे. जो जमीन कसतो त्याच्या ताटात काय पडते, आणि मालकाला न आवडणारे मत दिले तर त्याची चूल पेटते की नाही, हाही प्रश्न होता. हॅमरबाईंचे आयुष्य हे या प्रश्नाचे उत्तर शोधण्यातच गेले.

विसावे लेकरू

मिसिसिपी राज्याच्या वायव्य भागात मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांच्या मध्ये एक सपाट, काळ्याभोर गाळाचा प्रदेश आहे. त्याला डेल्टा म्हणतात. जमीन इतकी सुपीक की कापूस माणसाच्या खांद्याला लागावा. पण ती जमीन थोड्या गोऱ्या कुटुंबांच्या हाती होती आणि राबणारे हात बहुतेक सगळे कृष्णवर्णीय.

१८६५ साली अमेरिकेतली गुलामगिरी संपली. त्या वर्षाच्या आरंभी जनरल शर्मन यांनी दक्षिणेच्या किनारपट्टीवर मुक्त झालेल्या कुटुंबांना प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला होता. काहीजणांनी पेरणीसुद्धा केली. पण त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत दिली. गुलाम मुक्त झाला, पण रिकाम्या हाताने. मग त्याला जुन्याच मालकाच्या शेतात अर्धेलीने राबण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

ही अर्धेली कशी होती ते समजून घेऊ या. जमीन मालकाची, घाम कुळाचा, पीक निम्मे निम्मे. ऐकायला ठीक वाटते. पण बियाणे, खत, अवजारे आणि वर्षभराचे पीठमीठ मालक उचल म्हणून देई, तेही बहुधा मालकाच्याच दुकानातून, त्याच्याच भावाने. हिशेबाची वही त्याच्याकडे, काटा त्याच्याकडे, व्याजाचा दर त्याच्या मनावर. नाताळच्या सुमारास हिशेब झाला की कुळाच्या वाट्याला बहुतेक वेळा काहीच उरत नसे. उरे ते नवे कर्ज. कर्ज फिटेपर्यंत मळा सोडायचा नाही, आणि कर्ज तर कधीच फिटत नाही. कायद्याने मुक्त असलेला माणूस वहीने बांधला गेला होता.

अशा घरात ६ ऑक्टोबर १९१७ रोजी फॅनी लू जन्मली. जिम आणि लू एला टाउनसेंड या दांपत्याचे हे विसावे आणि शेवटचे अपत्य. वडील शेतात राबत आणि रविवारी प्रवचन करीत. ती दोन वर्षांची असताना कुटुंब सनफ्लॉवर काउंटीत, रुलव्हिल गावाजवळ राहायला आले. लहानपणीच्या पोलिओमुळे ती थोडी लंगडत असे.

ती सहा वर्षांची असताना रस्त्याच्या कडेला खेळत होती. मळ्याचा मालक गाडी थांबवून म्हणाला की आठवड्यात तीस पौंड कापूस वेचलास तर माझ्या दुकानातून हवा तो खाऊ घे. तीस पौंड म्हणजे सुमारे साडेतेरा किलो. पोरीने वेचला आणि खाऊ मिळवला. पुढच्या आठवड्यात मालकाने साठ पौंड मागितले. तो खाऊ होता की गळाला लावलेले आमिष, हे तिला मोठेपणी कळले. तेरा वर्षांची होईपर्यंत ती दिवसाला दोनशे ते तीनशे पौंड कापूस वेचू लागली होती. कृष्णवर्णीय मुलांची शाळा वर्षातून चारच महिने भरे, डिसेंबर ते मार्च, म्हणजे शेतात काम नसताना. तीही तिला सहाव्या इयत्तेच्या आसपास सोडावी लागली. वाचायची गोडी मात्र लागली होती, आणि ती पुढे बायबलवर भागली.

तीन खेचरे

टाउनसेंड कुटुंबाने एकदा या फासातून सुटण्याचा प्रयत्न केला. एके वर्षी पीक चांगले आले. वडिलांनी पैसा गाठीशी बांधून थोडी जमीन खंडाने घेतली, तीन खेचरे, गाई आणि अवजारे खरेदी केली. आता अर्धा वाटा मालकाला द्यायचा नव्हता. घर डागडुजी करून नीटनेटके केले.

एका रात्री कुणी गोऱ्या माणसाने जनावरांच्या आंबोणात पॅरिस ग्रीन नावाचे विषारी कीटकनाशक कालवले. सकाळपर्यंत जनावरे मेली. तपास झाला नाही, कुणाला शिक्षा झाली नाही. कुटुंब पुन्हा अर्धेलीवर आले आणि नंतर कधी वर उठले नाही.

ही घटना मी मुद्दाम सांगतो. गरीब माणूस गरीब का राहतो, याचे उत्तर आपण कधी कधी फार लवकर देऊन टाकतो: आळशी असेल, बचत करीत नसेल, व्यसनी असेल. जिम टाउनसेंड आळशी नव्हते. त्यांनी बचत केली होती. नेमके म्हणूनच त्यांचे गोठे रिकामे करण्यात आले. काहींच्या गरिबीमागे नशीब नसते, कुणाचा तरी हात असतो.

वडील १९३९ साली वारले. आईच्या डोळ्याला रान तोडताना काहीतरी उडून लागले, उपचार झाले नाहीत आणि तिची दृष्टी गेली. फाटक्या कपड्यांना ठिगळांवर ठिगळे लावून नेसणाऱ्या आईला फॅनी लू अखेरपर्यंत विसरली नाही. आपण काळे आहोत याची लाज बाळगू नकोस, हे त्या आईने तिला पदोपदी शिकवले.

मापातले पाप

१९४४ च्या सुमारास फॅनी लू यांचे लग्न पेरी हॅमर यांच्याशी झाले. लोक त्यांना पॅप म्हणत. ट्रॅक्टर चालवणारा, कमी बोलणारा, खंबीर माणूस. दोघे रुलव्हिलजवळच्या एका मळ्यावर अठरा वर्षे राबली. फॅनीबाईंना लिहितावाचता येई म्हणून मालकाने त्यांना हजेरीचे आणि मापाचे काम दिले. कुणी किती दिवस काम केले, किती कापूस वेचला, ते त्या लिहीत.

इथे त्यांना मापातले पाप जवळून दिसले. काट्याच्या दांडीला लावायचे मालकाचे वजन असे होते की मजुराचा कापूस कमी भरावा. फॅनीबाईंनी आपले एक खरे वजन जवळ बाळगले. मालक दूर असला की त्या ते लावीत आणि मजुराला त्याच्या घामाचे पुरते माप मिळे. मालक जवळ आला की पुन्हा त्याचे वजन. पुढे हजारोंच्या सभा गाजवणाऱ्या या बाईंची पहिली चळवळ ही अशी मूठभर लोखंडाची होती. खोट्या तागडीचा परमेश्वराला किती तिटकारा आहे हे नीतिसूत्रांच्या पुस्तकात वारंवार येते. त्या वचनांवर त्यांनी प्रवचन केले नाही, त्यांनी फक्त वजन बदलले.

या दांपत्याला मूल हवे होते, पण गर्भ टिकले नाहीत. त्यांनी दोन मुलींना आपल्या म्हणून वाढवले. १९६१ साली पोटातली एक गाठ काढण्यासाठी फॅनीबाई रुग्णालयात गेल्या. डॉक्टरांनी त्यांना न विचारता, न सांगता त्यांचे गर्भाशयच काढून टाकले. त्या काळी दक्षिणेत गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांवर अशा शस्त्रक्रिया सर्रास होत. जीव देणारा परमेश्वर आहे, असे मानणाऱ्या आपल्या मनाला हे वाचताना चटका बसल्यावाचून राहणार नाही. ज्यांनी त्यांच्या श्रमावर मालकी सांगितली होती, त्यांनी आता त्यांच्या शरीरावरही सांगितली.

एक बस, अठरा माणसे

ऑगस्ट १९६२ मध्ये रुलव्हिलच्या विल्यम्स चॅपल या चर्चमध्ये सभा झाली. नागरी हक्कांसाठी काम करणारे तरुण आले होते. कृष्णवर्णीयांना मतदानाचा अधिकार आहे, असे त्यांनी सांगितले. चव्वेचाळीस वर्षांच्या फॅनीबाईंनी ही गोष्ट आयुष्यात प्रथमच ऐकली. अधिकार कागदावर अनेक दशकांपासून होता, पण तो त्यांच्या कानापर्यंत येऊ दिला नव्हता. नोंदणीला कोण जाणार, असे विचारताच हात वर करणाऱ्यांत त्या होत्या.

३१ ऑगस्ट १९६२ रोजी अठरा जण एका जुन्या बसने इंडियनोला या काउंटीच्या मुख्य गावी गेले. तिथे परीक्षा होती. राज्यघटनेतले एक कलम उतरवून काढायचे आणि त्याचा अर्थ लिहायचा. फॅनीबाईंना आलेले कलम असे होते की ते वकिलालाही सहज उलगडले नसते. १८९० च्या राज्यघटनेत ही अट घातलीच होती ती कृष्णवर्णीयांना मतपेटीपासून दूर ठेवण्यासाठी. ती किती यशस्वी ठरली? १९६४ साली मिसिसिपीत मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी सातजणांचीही नोंद शेकडा नव्हती.

परतताना पोलिसांनी बस अडवली. गुन्हा काय, तर बसचा रंग शाळेच्या बससारखा फार पिवळा आहे! दंड शंभर डॉलर, घासाघीस होऊन तीस. बसमधली माणसे भेदरली होती. तेव्हा मागच्या बाकावरून एक आवाज उठला. फॅनीबाई भक्तिगीते गात होत्या. हळूहळू सगळे त्यात मिसळले, वर्गणी काढून दंड भरला आणि बस सुटली. पुढे कुठेही भीती दाटली की त्या गाणे धरीत. लहान मुलांना रविवारच्या शाळेत शिकवतात ते ‘धिस लिटल लाइट ऑफ माइन’ हे गीत त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले.

त्या घरी पोहोचण्याआधी बातमी मालकापर्यंत पोहोचली होती. नोंदणीचा अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड, असे त्याने बजावले. त्यांनी शांतपणे सांगितले की मी नोंदणीला गेले ती तुमच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. त्याच रात्री अठरा वर्षांचे घर सुटले. पॅप यांना मात्र हंगाम संपेपर्यंत तिथेच राबावे लागले, नाहीतर सामान जप्त झाले असते. हंगाम संपल्यावर त्यांनाही काढले आणि सामानही गेले. १० सप्टेंबरच्या रात्री, ज्या घरी फॅनीबाई आसऱ्याला होत्या त्या घरावर सोळा गोळ्या झाडल्या गेल्या. सुदैवाने त्या रात्री त्या तिथे नव्हत्या.

डिसेंबरात त्या पुन्हा परीक्षेला गेल्या. अधिकाऱ्याला सांगितले की उत्तीर्ण होईपर्यंत दर महिन्याला येईन. जानेवारी १९६३ मध्ये नाव नोंदले गेले. पण मत देण्याची वेळ आली तेव्हा दोन वर्षांच्या मतदान कराच्या पावत्या मागण्यात आल्या. ज्यांना नोंदणीच करू दिली नव्हती, त्यांच्याकडे पावत्या कुठून असणार?

विनोनाचा तुरुंग

९ जून १९६३ रोजी एका प्रशिक्षण शिबिराहून परतताना त्यांची बस विनोना गावी थांबली. सोबतच्या काहीजणी गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात गेल्या. वास्तविक बसस्थानकांवरचा असा भेदभाव तोवर बेकायदा ठरला होता. पोलिसांनी सगळ्यांना पकडले. कोठडीत दोन कृष्णवर्णीय कैद्यांच्या हाती चामड्याचे जड दांडके देऊन पोलिसांनी त्यांच्याकडून फॅनीबाईंना मारवले. एक थकला तेव्हा दुसरा. त्यांचे मूत्रपिंड कायमचे दुखावले, डाव्या डोळ्याची दृष्टी अधू झाली, लंगडणे वाढले. त्यांच्या सोबतच्या मुलींपैकी एक तर अवघी पंधरा वर्षांची होती, तिलाही सोडले नाही. १२ जूनला त्यांची सुटका झाली. त्याच दिवशी पहाटेपूर्वी मिसिसिपीतले नेते मेडगर एव्हर्स यांचा खून झाला होता. मारहाण करणाऱ्यांवर खटला झाला खरा, पण डिसेंबरात गोऱ्या ज्युरींनी सर्वांना निर्दोष सोडले.

त्या कोठडीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जेलरची बायको आणि मुलगी कैद्यांना पाणी देत. फॅनीबाईंनी त्यांचे आभार मानले आणि बायबलमधली दोन वचने वाचा, असे सुचवले. एक नीतिसूत्रांतले, लपवलेला द्वेष चारचौघांत उघडा पडतो या अर्थाचे. दुसरे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातले, देवाने एकाच मूळापासून सगळी राष्ट्रे निर्माण केली हे सांगणारे. अंग सुजून काळेनिळे झालेली बाई आपल्या तुरुंगाधिकाऱ्याच्या घरच्यांना पवित्र शास्त्र शिकवीत होती! फिलिप्पैच्या तुरुंगात संत पौल आणि सीला यांनी काय केले, ते आपण दरवर्षी ऐकतो. ते विनोनात पुन्हा घडले.

इथे एक कडू सत्यही मांडले पाहिजे. मारणारे आणि मार खाणारे दोघेही रविवारी चर्चला जात. फक्त चर्च वेगवेगळी. आपल्या कॅथलिक चर्चमध्येही दक्षिणेत कृष्णवर्णीयांना मागच्या बाकांवर बसवण्याची रीत होती. न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप रुमेल यांनी १९५३ साली ती बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा अनेक श्रद्धावंतांना तो रुचला नाही. एका पवित्र भाकरीत सहभागी होणाऱ्यांना एकाच बाकावर बसणे जड जात होते.

देशापुढे साक्ष

१९६४ साली मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीयांनी स्वतःचा पक्ष काढला, मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी. राज्याच्या अधिकृत डेमोक्रॅटिक पक्षात त्यांना प्रवेशच नव्हता. ऑगस्टमध्ये अटलांटिक सिटी इथे पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन भरले. मिसिसिपीचे खरे प्रतिनिधी आम्ही आहोत, असा दावा घेऊन हे साठाहून अधिक लोक तिथे गेले. २२ ऑगस्टला समितीपुढे फॅनीबाईंनी साक्ष दिली. हातात कागद नव्हता. नोंदणी, घर सुटणे, गोळ्या, विनोना, सगळे त्यांनी सरळ सांगितले.

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना दक्षिणेतल्या गोऱ्यांची मते गमावण्याची धास्ती होती. साक्ष दूरचित्रवाणीवर चालू असतानाच त्यांनी घाईने पत्रकार परिषद बोलावली आणि कॅमेरे तिकडे वळले. पण त्या रात्री वाहिन्यांनी साक्ष पुन्हा दाखवली आणि ती अधिकच लोकांपर्यंत पोहोचली. शेवटी तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या गेल्या, त्याही कुणी बसायचे ते वरून ठरवून. काही मोठ्या नेत्यांनी ती घ्या म्हटले. फॅनीबाई आणि त्यांच्या सोबत्यांनी नाकारली. एवढ्या दुरून, एवढे सोसून ते दोन खुर्च्यांसाठी आले नव्हते.

त्या वर्षी ते रिकाम्या हाताने परतले. पण ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्काचा कायदा झाला, आणि १९६७ पर्यंत मिसिसिपीतल्या जवळपास साठ टक्के कृष्णवर्णीय प्रौढांची नोंदणी झाली. १९६८ च्या शिकागो अधिवेशनात फॅनीबाई रीतसर प्रतिनिधी म्हणून बसल्या, तेव्हा सभागृह उभे राहिले.

मत मिळाले, भाकर कुठे आहे?

अनेक चरित्रे इथे थांबतात. फॅनीबाई थांबल्या नाहीत. मत मिळाले तरी डेल्टातली माणसे उपाशी होती, किंबहुना जास्तच. कापूस वेचायला यंत्रे आली होती, तण मारायला औषधे आली होती. १९६७ साली शेतमजुरांना किमान वेतनाचा कायदा लागू झाला, तेव्हा अनेक मालकांनी वेतन देण्याऐवजी मजूरच कमी केले. सरकारी अन्नकूपने होती, पण ती विकत घ्यावी लागत, आणि ज्याच्या हाती रोख एक डॉलर नाही त्याने ती घ्यायची कशी? मतनोंदणीला गेलात तर धान्य बंद, असा धाकही चाले. शेजारच्या लफ्लोर काउंटीत १९६२ च्या हिवाळ्यात सरकारी धान्यवाटपच थांबवण्यात आले होते. त्याच सनफ्लॉवर काउंटीत सिनेटर जेम्स ईस्टलंड यांचा मोठा मळा होता, आणि कापूस कमी पेरल्याबद्दल त्यांना सरकारकडून एका वर्षात लाखाहून अधिक डॉलर मिळत. न पेरणाऱ्याला पैसा आणि पेरणाऱ्याला उपास!

१९६७ साली हे दुःख फॅनीबाईंच्या उंबऱ्याच्या आत आले. कुपोषणाने खंगलेली त्यांची थोरली मुलगी रक्तस्रावाने आजारी पडली. जवळच्या रुग्णालयांनी दाखल करून घेतले नाही. शंभराहून अधिक मैलांवरच्या मेंफिस शहरी नेईपर्यंत उशीर झाला आणि ती गेली. मागे दोन छोट्या मुली. त्यांना आजीने वाढवले.

मग फॅनीबाईंनी एक साधी गोष्ट ताडली. दुसऱ्याच्या हातून खाणाऱ्याला दुसऱ्याच्याच मताने मत द्यावे लागते. ज्याच्या घरी चार महिन्यांचे धान्य आणि टांगलेले मांस आहे, त्याला मालक धाक दाखवू शकत नाही. म्हणून १९६८ साली त्यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेच्या मदतीने डुकरांची बँक सुरू केली. भांडवल पस्तीस माद्या आणि पाच नर. गरजू कुटुंबाला एक मादी द्यायची. कुटुंबाने तिला पोसायचे, आणि पिल्ले झाली की त्यांतली ठरलेली पिल्ले दुसऱ्या कुटुंबासाठी परत करायची. व्याज नाही, गहाण नाही, मालकाची वही नाही. काही वर्षांत शेकडो कुटुंबांच्या घरी मांस आले.

या बँकेचे मर्म लक्षात घ्या. दान घेणाऱ्याची मान कुठेतरी खाली जाते. पण इथे आज घेणारा उद्या देणारा होई. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना माणूस हे साधन नव्हे, साध्य आहे, हे वाक्य आम्ही पुष्कळदा घोकले. त्याचा अर्थ एका डुकराच्या पिल्लातून सांगता येतो, हे मला या बाईंकडून कळले.

१९६९ साली त्यांनी चाळीस एकर जमीन घेतली. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरातल्या एका मदतगटाने आणि इतर हितचिंतकांनी हातभार लावला. चाळीस एकर! १८६५ साली देऊन काढून घेतलेला तोच आकडा. फ्रीडम फार्म असे या सहकारी शेतीचे नाव. सभासद वर्गणी महिन्याला एक डॉलर. ती भरू शकणारी कुटुंबे तीसच्या आसपास. पण नावापुरते सभासद आणखी पंधराशे. वर्गणी नाही म्हणून कुणाला उपाशी परत पाठवले नाही. वाल, वाटाणा, भेंडी, रताळी, पालेभाज्या निघू लागल्या. काही भागात कापूस आणि सोयाबीन, जमिनीचे हप्ते फेडण्यासाठी. १९७१ साली सहाशे चाळीस एकरांची भर पडली. पडक्या झोपड्यांतून लोकांना नीट घरे मिळावीत म्हणून सरकारी गृहकर्जांची व्यवस्था केली. शिवणकाम केंद्र, मुलांसाठी बालवाडी आणि शिष्यवृत्त्या आल्या. गरीब गोऱ्या कुटुंबांनाही भाजीपाला दिला गेला. भुकेला रंग नसतो, हे ज्यांनी सोसले त्यांनाच अधिक कळते.

योगायोग पाहा, याच काळात, मार्च १९६७ मध्ये, पोप सहावे पॉल यांनी ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. खाजगी मालकी हा कुणाचाही निरपवाद हक्क नाही. दुसऱ्याला जगण्यापुरते नसताना आपल्या गरजेपलीकडचे राखून ठेवता येत नाही, असा त्याचा आशय. संत थॉमस अॅक्विनस यांनीही तेराव्या शतकात हेच सांगितले होते. फॅनीबाईंनी यांतले काही वाचले असेल असे नाही. पण रोममध्ये जे लिहिले गेले, ते रुलव्हिलमध्ये पेरले जात होते.

शेत गेले, पेरणी राहिली

ही कथा गोड शेवटाची नाही. फेब्रुवारी १९७१ मध्ये डेल्टात टॉर्नेडोचे वादळ आले आणि शेतीचा पैसा घरे कोसळलेल्यांच्या मदतीकडे वळला. नंतर अतिवृष्टी, मग दुष्काळ. पिके हातची गेली, हप्ते थकले, देणग्या आटल्या. शेती चालवायला लागणारे हिशेबी व्यवस्थापन कमी पडले. फॅनीबाई स्वतः व्याख्यानांतून पैसा आणीत. त्यांचे हिंडणेच शेतीचा आधार होते, आणि आता त्यांचे शरीर थकले होते. १९७६ पर्यंत थकलेल्या करांपोटी जमीन गेली.

रक्तदाब, विनोनात दुखावलेले मूत्रपिंड आणि स्तनाचा कर्करोग यांनी त्यांना गाठले. १४ मार्च १९७७ रोजी माउंड बायू गावच्या रुग्णालयात, एकोणसाठाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. हातात पैसा जवळजवळ नव्हता. ज्या विल्यम्स चॅपलमध्ये त्यांनी पहिल्यांदा हात वर केला होता, तिथेच अंत्यविधी झाला. संयुक्त राष्ट्रांतले अमेरिकेचे राजदूत अँड्र्यू यंग यांनी श्रद्धांजली वाहिली. फ्रीडम फार्मच्या जमिनीतच त्यांना पुरण्यात आले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने त्यांना मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा आपला सर्वोच्च नागरी सन्मान दिला.

मग त्यांची शेती फसली म्हणायची काय? हिशेबाच्या वहीत फसली, हे खरे. ते लपवण्याचे कारण नाही, आणि त्यातून सहकाराचा धडाही घ्यावा: भावना लागते, पण हिशेबही लागतो, एका व्यक्तीच्या खांद्यावर संस्था फार दिवस उभी राहत नाही. पण ज्या मुलांनी तिथले वाल आणि रताळी खाल्ली, त्यांची भूक खरीच भागली होती. ज्या घराला पक्के छप्पर मिळाले, त्याचा पाऊस खरोखरच थांबला होता. आणि ज्यांना जन्मभर मालकाचा शब्द हाच कायदा वाटत होता, त्यांनी आपल्या जमिनीवर उभे राहून ताठ मानेने मत दिले. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला तरच पीक देतो, हे प्रभूने आपल्याला शेतकऱ्याच्याच भाषेत सांगितले आहे.

प्रिय धर्मग्रामस्थहो, संत लूकच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय फॅनीबाईंच्या फार आवडीचा. प्रभू नाझरेथच्या सभास्थानात उभा राहून दीनांसाठी शुभवर्तमान जाहीर करतो, तो प्रसंग त्या भाषणांत वारंवार सांगत. आपण तो उपासनेत ऐकतो आणि खाली बसतो. त्यांना मात्र तो ऐकून उठावेसे वाटले.

या आठवड्यात आपण प्रत्येकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. माझ्या वाडीत, दुकानात, बांधकामावर राबणाऱ्याला मी पुरते माप देतो का? माझ्या मदतीने समोरच्याची मान खाली जाते की वर होते? आणि ज्याचे मत मला आवडत नाही, त्याच्या पोटावर पाय देण्याचा मोह मला होतो का? उत्तर आपले आपणच द्यायचे आहे, आणि ते देताना हातात कुठले वजन आहे तेही पाहायचे आहे.

हे प्रभू, कष्ट करणाऱ्या प्रत्येक हाताला त्याच्या घामाचे माप मिळो. भुकेल्याला भाकर दे, आणि ज्यांच्या घरी भाकर आहे त्यांना न्यायाची भूक दे. आमेन.

आपला,
धर्मगुरू